प्रार्थनेइतक्याच नेमानं: रोजच्या लहानशा ममतेची सुरुवात कशी करावी

ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नव्यानं येऊ लागलेल्या माणसाला पहिल्या काही महिन्यांत दोन गोष्टी सगळेच सांगतात: रोज बायबलमधलं वचन वाचा आणि रोज प्रार्थना करा. दोन्ही अगदी खऱ्या. तिसरी गोष्ट मात्र आपोआप येईल असं धरून चालतात, आणि ती शिकवायची राहून जाते. ती म्हणजे रोज, ठरवून, कोणाच्या तरी उपयोगी पडणं. संत पौलानं गलतीकरांना लिहिताना आत्म्याच्या फळात प्रीती, आनंद, शांती यांच्या बरोबरीनं ममता आणि चांगुलपणा मोजला आहे. फळ देवाचं असतं हे खरं, पण झाडाला पाणी घालायचं काम आपल्याकडे असतं.

हा लेख नाशिकमधल्या नवख्यांसाठी आहे. तुम्ही शरणपूर रोडच्या सेंट अँड्र्यूजमध्ये उपासनेला जात असाल, त्र्यंबक रोडच्या होली क्रॉसमध्ये मिस्साला जात असाल, नाशिक रोडला बाळ येशूच्या नोव्हेनाला येत असाल किंवा सिडकोतल्या एखाद्या घरगुती सभेत बसत असाल, नेम सगळ्यांना सारखाच लागू पडतो. मी मंडळीत नव्यानं आलेल्यांबरोबर बसते, त्यांचे प्रश्न ऐकते. पुढच्या पायऱ्या त्या बोलण्यातूनच तयार झाल्या आहेत. माझं एकच ठाम मत आहे आणि ते सुरुवातीलाच सांगते. ममतेसाठी पैसा कमी पडत नाही, मोकळा वेळ कमी पडतो. म्हणून ही शिस्त मुळात वेळेची शिस्त आहे.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा

पहिली. या कृतींनी तारण मिळत नाही. इफिसकरांच्या पत्राचा दुसरा अध्याय उघडा आणि आठव्या ओवीपासून दहाव्या ओवीपर्यंत सावकाश वाचा. तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे आहे, कर्मांनी नाही, म्हणजे कोणाला बढाई मारायला जागा नाही. आणि लगेच पुढच्याच ओवीत म्हटलं आहे की सत्कर्मं करण्यासाठीच आपल्याला घडवलं आहे. पुष्कळ लोक नवव्या ओवीवर थांबतात, काही लोक थेट दहावीवर उडी मारतात. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय हा नेम धरू नका. नाहीतर महिनाभरात तुम्ही पुण्याची वही लिहायला लागाल, आणि एखाद्या दिवशी काही जमलं नाही तर देव रागावला असेल अशी धास्ती वाटू लागेल. तुमच्यावर आधीच प्रीती झाली आहे, हातून जे होईल ते त्या प्रीतीच्या पोटातून होऊ द्या.

दुसरी गोष्ट आपल्या शहरात जास्त महत्त्वाची. मदतीला अट लावू नका. कोणाला डबा दिला म्हणून तो रविवारी चर्चला येईल अशी अपेक्षा मनात असेल तर तो डबा देऊ नका. औषधाच्या पिशवीत पत्रक सरकवू नका. कोणी आपणहून विचारलं, तुम्ही हे का करता, तर सरळ, थोडक्यात आणि आनंदानं सांगा. विचारलं नाही तर तुमचं काम तिथंच पूर्ण झालं. येशूनं सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या, म्हणजे परक्या समाजातल्या माणसाच्या, दाखल्यात जखमी माणसाला कोणीही त्याचा धर्म विचारत नाही. त्याच्या जखमांना तेल आणि द्राक्षारस लावला जातो, उतारशाळेत त्याची सोय होते, दोन दीनार खर्चाला दिले जातात आणि जास्त लागले तर परत येऊन देण्याचा शब्दही दिला जातो. येशूला तेवढं पुरेसं वाटलं.

पायरी एक: सकाळी एक चेहरा

सकाळी प्रार्थनेला बसता तेव्हा शेवटची दोन मिनिटं याच्यासाठी ठेवा. कलस्सैकरांच्या तिसऱ्या अध्यायाच्या बाराव्या ओवीत करुणा, ममता, सौम्यता, लीनता, सहनशीलता अंगावर धारण करायला सांगितलं आहे. ती ओवी वाचा. मग आज जी माणसं भेटणार आहेत त्यांतलं एक माणूस डोळ्यांसमोर आणा आणि फक्त त्याच्यासाठी मागा. ‘प्रभू, आज मला जगावर प्रेम करू दे’ अशी मोठी प्रार्थना इथं उपयोगाची नाही, कारण जग कुठं भेटत नाही. सातपूरच्या कंपनीत शेजारच्या मशीनवरचा पोरगा भेटतो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू भेटतात. मुलांना शाळेत सोडणारे रिक्षावाले दादा भेटतात. त्यांच्यापैकी एकाचं नाव घ्या. नाव माहीत नसेल तर आजची कृती ठरली: नाव विचारायचं. रोज भेटणाऱ्या कितीतरी माणसांची नावं आपल्याला माहीत नसतात. घंटागाडीवरच्या दादांचं नाव विचारून बघा, पुढच्या दिवसापासून सकाळचा नमस्कार वेगळा होतो.

पायरी दोन: पंधरा मिनिटं आधी निघा

ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

अमेरिकेत प्रिन्स्टन इथं धर्मशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. तो 1973 साली प्रसिद्ध झाला. चाळीस विद्यार्थ्यांना एकेकट्यानं एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत छोटं भाषण द्यायला पाठवलं. काहींचं भाषण चक्क चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर होतं. वाटेत एक माणूस दारापाशी कण्हत, खोकत पडलेला होता. अर्थात तो प्रयोगाचाच भाग होता. ज्यांना ‘अजून वेळ आहे’ असं सांगितलं होतं त्यांच्यातले 63 टक्के मदतीला थांबले. ज्यांना ‘उशीर झालाय, पळा’ असं सांगितलं होतं त्यांच्यातले फक्त 10 टक्के. शोमरोन्यावर बोलायला निघालेले इतरांपेक्षा लक्षणीय जास्त थांबले, असंही दिसलं नाही. ही मुलं वाईट नव्हती, पुढं पाळक होणार होती. त्यांना घाई होती, एवढंच.

आता हे आपल्या सकाळवर लावून बघा. नाशिक रोडहून सीबीएसला यायचं, द्वारकाला वाहनं अडकलेली, त्यात सिटीलिंकच्या बसमध्ये एक आजी पदराची गाठ सोडत सुटे पैसे शोधतायत. तुम्ही वेळेवर निघाला असाल तर आजींची पिशवी हातात घ्याल. उशिरा निघाला असाल तर याच आजी तुम्हाला अडथळा वाटतील. आजी त्याच, तुम्हीही तेच. फरक पंधरा मिनिटांचा.

म्हणून नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी पहिला आठवडा दुसरं काहीच सांगत नाही. फक्त घरातून पंधरा मिनिटं आधी निघायचं. रात्री मोबाइल लवकर बाजूला ठेवला तर हे जमतं. तेवढ्या वेळात काय करायचं हे ठरवू नका. ती मिनिटं देवाला दिली आहेत असं समजा. काही दिवस कोणीच भेटणार नाही, तुम्ही कामावर लवकर पोचाल आणि शांतपणे पाणी प्याल. तेही चालेल. पण ज्या दिवशी कोणी भेटेल, त्या दिवशी तुमच्या चेहऱ्यावर घाई नसेल. समोरच्या माणसाला सगळ्यात आधी तेच दिसतं.

येशूच्या सेवेतल्या किती गोष्टी वाटेत घडल्या ते शुभवर्तमानात शोधा. याईर नावाच्या माणसाची मुलगी अखेरच्या घटका मोजत असताना, तिच्याकडे निघालेला येशू वाटेत गर्दीत थांबतो आणि बारा वर्षं आजारी असलेल्या बाईची सगळी हकिकत ऐकून घेतो. मार्काचा पाचवा अध्याय. घाईचं याहून मोठं कारण कोणाकडे असणार?

पायरी तीन: एक कृती, ठरलेली जागा, ठरलेली वेळ

दुसऱ्या आठवड्यापासून एक कृती निवडा आणि ती रोजच्या एखाद्या वेळेला बांधा. ‘जमेल तेव्हा करीन’ म्हटलं की ते राहूनच जातं. कृती इतकी छोटी असावी की तापातही करता येईल.

एक उदाहरण जवळून दाखवते. आपल्याकडे सकाळी घंटागाडी येते. गाणं वाजलं की आपण धावतपळत बादली घेऊन जातो. त्या बादलीत फुटलेला ग्लास असेल तर पुढं काय होतं याचा विचार करा. गाडीवरचा माणूस हातानं कचरा चाळतो, काच बोटात जाते. म्हणून काच जुन्या वर्तमानपत्राच्या तीन-चार थरांत गुंडाळा, चिकटपट्टी लावा, वर स्केचपेननं मोठ्या अक्षरात ‘काच’ लिहा आणि ते पुडकं बादलीत न टाकता हातात द्या. वापरलेले ब्लेड, इंजेक्शनच्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत घालून झाकण घट्ट लावा आणि तीही वेगळी द्या. सॅनिटरी पॅड आणि बाळाचे डायपर कागदात नीट बांधून वेगळे ठेवा. ओला-सुका वेगळा करायला महापालिका सांगतेच, पण तो कोणाच्या हातात जाणार आहे हे आठवून वेगळा करणं ही निराळी गोष्ट आहे. यात कोणी तुम्हाला धन्यवाद देणार नाही. न झालेल्या जखमेचे आभार कोण मानणार? तरी ही पूर्ण प्रार्थना आहे असं मी मानते.

दुसरं उदाहरण पाण्याचं. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा कुरिअरवाले, गॅस सिलिंडरवाले, मीटर रीडिंग घेणारे भर दुपारी दारात येतात. दाराजवळ माठ ठेवा, शेजारी स्वच्छ तांब्या-पेला ठेवा. ‘पाणी हवंय का?’ असं विचारू नका, संकोचानं माणूस नको म्हणतो. पेला भरून पुढं करा. मत्तयाच्या दहाव्या अध्यायाच्या शेवटच्या ओवीत प्यालाभर थंड पाण्याचाच उल्लेख आहे. येशूनं इतकं साधं उदाहरण घेतलं, म्हणजे आपल्यालाही त्याहून मोठं शोधायची गरज नाही. एक मात्र पाळा. बाहेरच्यांसाठी वेगळा पेला ठेवू नका. घरात ज्या पेल्यानं पाणी पितो तोच द्या.

आणखी काही सुचवते, त्यांतलं एकच घ्या. लिफ्ट वर आली की दार धरून ठेवणं. भाजीवाल्या मावशींशी दोन रुपयांसाठी घासाघीस न करणं. घरकाम करणाऱ्या ताईंचा पगार एक तारखेला, न मागता देणं. हे शेवटचं तर ममतेच्याही आधीचं, न्यायाचं काम आहे. याकोबाच्या पत्रात अडवून ठेवलेली मजुरी देवापुढे ओरडते असं लिहिलं आहे. आधी हिशेब चुकता करा, मग ममतेची गोष्ट.

पायरी चार: घरात

बाहेर गोड आणि घरात खेकसणारं माणूस म्हणजे हा नेम फसला. घर ही सर्वांत अवघड जागा आहे, कारण तिथं आपलं कौतुक होत नाही आणि तिथली माणसं आपल्याला पुरती ओळखतात.

फ्रान्समधल्या लिझ्यू गावच्या कार्मेल मठातल्या संत तेरेझांचं उदाहरण मला नेहमी उपयोगी पडतं. त्या 1897 साली क्षयानं गेल्या तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या. मठाबाहेर त्यांनी काही मोठं काम केलं नव्हतं. मठात एक म्हातारी, आजारी, किरकिरी सिस्टर होती. संध्याकाळी तिला प्रार्थनेच्या जागेवरून जेवणघरापर्यंत धरून न्यावं लागे. पावलं भरभर पडली तरी ती रागवायची, हळू पडली तरी रागवायची. तेरेझांनी ते काम मागून घेतलं. काही दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं की तिच्या वाकड्या झालेल्या हातांना पाव कापायला त्रास होतो. मग रोज निघण्याआधी त्या पाव कापून देऊ लागल्या आणि हसून निरोप घेऊ लागल्या. कॅथोलिक मंडळीनं 1997 साली त्यांना मंडळीच्या आचार्यांत स्थान दिलं. कॅथोलिक नसलेल्या वाचकांनीही हा पाव कापण्याचा प्रसंग जरूर लक्षात ठेवावा, कारण आपल्या घराघरांत अशी थरथरणारी बोटं आहेत.

सासऱ्यांच्या गोळ्यांची पट्टी उघडून वाटीत काढून ठेवा. आईचा फोन आला आणि ती तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगू लागली तर ‘हे सांगितलंस तू’ असं म्हणू नका. बायको, नवरा, मुलगा बोलत असताना मोबाइल उलटा ठेवा. आणि घरातलं जे माणूस तुम्हाला सर्वांत जड जातं, त्याच्यासाठी रोज एक काम करा, तेही त्याच्या लक्षात येणार नाही असं. चार-सहा महिन्यांत तो बदलेल का? सांगता येत नाही. तुम्ही त्याच्याकडे बघण्याची पद्धत मात्र बदलते, आणि तीच जास्त अडलेली असते.

पायरी पाच: घ्यायलाही शिका

ही पायरी नव्यांना नवल वाटायला लावते. देणाऱ्याचा हात वर असतो, आणि वरच राहिला तर त्याला सवय लागते. शोमरोनातल्या विहिरीवर येशूनं एका शोमरोनी बाईला काही देण्याआधी तिच्याकडे पाणी मागितलं. तिच्या हातचं पाणी यहुदी माणूस पिणार, याचंच तिला आधी आश्चर्य वाटलं.

लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म 1868 साली इथंच, नाशिकजवळच्या जलालपूरचा. सोवळ्या-ओवळ्याचा कडक धाक असलेल्या घरात त्या वाढल्या. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यावरही कितीतरी दिवस परक्या हातचं पाणी लक्ष्मीबाईंच्या घशाखाली उतरत नव्हतं. कोणी जबरदस्ती केली नाही. त्यांचा विचार त्यांनीच बदलला, आणि मग जातीच्या भिंती त्यांच्यापुरत्या पडल्या. पुढं त्यांनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला आणि दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांना जवळ केलं. मला या हकिकतीत महत्त्वाचं वाटतं ते हे: त्या आधी घ्यायला शिकल्या.

पेठ-सुरगाण्याकडून कामाला आलेल्या मावशी कधी घरची नागलीची भाकरी, कधी करवंदं, कधी पहिल्या पावसानंतरची रानभाजी आणून देतात. ‘कशाला हो आणलंत, तुम्हालाच राहू द्या’ असं आपण सवयीनं म्हणतो. म्हणू नका. घ्या, त्यांच्यासमोर बसून खा, भाजी कशी करायची ते विचारा. वॉचमन काकांनी चहाचा अर्धा कप पुढं केला तर तो प्या. त्यांनाही देण्याचा अधिकार आहे. येशू शिष्यांचे पाय धुऊ लागला आणि पेत्रानं पाय धुऊन घ्यायला नकार दिला, तेव्हा येशूनं त्याला स्पष्ट सांगितलं की असं असेल तर तुझा माझ्याबरोबर वाटा नाही.

पायरी सहा: अनोळखी माणूस

घर आणि शेजार थोडा अंगवळणी पडला की आठवड्यातून एकदा अनोळखी माणसासाठी वेळ काढा. त्र्यंबक रोडला जिल्हा रुग्णालयात जिल्हाभरातून माणसं येतात. हरसूल, पेठ, सुरगाण्याहून पहाटे निघालेले नातेवाईक केस पेपर कुठं काढायचा, एक्स-रे कुठल्या खोलीत, औषधं कोणत्या खिडकीवर, हे विचारायलाही बिचकतात. तिथं पैशांची नाही, बोर्ड वाचून दाखवणाऱ्या माणसाची गरज असते. रांगेत बरोबर उभे राहा. फॉर्म भरून द्यायचा असेल तर त्यांनी सांगितलेलं नाव जसंच्या तसं लिहा आणि वाचून दाखवा. आधार कार्डावर वेगळं असेल तर तिथंच लक्षात येतं आणि पुढचा हेलपाटा वाचतो. वॉर्डात मात्र परवानगीशिवाय जाऊ नका, आणि सिस्टरना विचारल्याशिवाय रुग्णाला काही खायला देऊ नका. साखरेचा आजार असलेल्याला तुमचं केळं महागात पडू शकतं. फोटो तर कोणाचाच काढू नका.

सिंहस्थात तर अनोळखी माणूस दारातच येतो. 2015 च्या पर्वण्यांना रस्ते बंद होते तेव्हा अनेकांना मैलोन्‌मैल चालावं लागलं. रामकुंड कुठं आहे असं विचारणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याला हात करून दिशा दाखवणं सोपं असतं. वळणापर्यंत बरोबर चालत जा, वाटेत त्यांची पिशवी घ्या. ते ज्या श्रद्धेनं आले आहेत तिचा मान राखा. ख्रिस्ती माणसाला यात काही गमवावं लागत नाही.

आणि हे आपल्या शहराला नवीनही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शरणपूरला मिशनची वस्ती उभी राहिली. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथं आणली गेली. त्यांना लिहा-वाचायला शिकवलं, सुतारकाम, लोहारकाम शिकवलं. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट पुढं आफ्रिकेतले मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या पार्थिवाबरोबर 1874 साली इंग्लंडपर्यंत गेला. मिशनरींची नावं कागदोपत्री आहेत. परमुलखातल्या, आपली भाषा न कळणाऱ्या त्या मुलांना रोज सकाळ-संध्याकाळ ताट वाढणारे हात मात्र कोणी लिहून ठेवले नाहीत. तुमचा नेम त्या हातांच्या रांगेतला आहे.

पायरी सात: कोणाला सांगू नका

मत्तयाच्या सहाव्या अध्यायात उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नको असं सांगितलं आहे. आजच्या भाषेत: स्टेटसला टाकू नका, मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहू नका, साक्ष देताना स्वतःच्या मदतीचे किस्से रंगवू नका. जमेल तिथं मधे दुसऱ्याचा हात ठेवा. शेजारच्या घरात नोकरी गेली आहे आणि किराणा दुकानात उधारी वाढली आहे असं कळलं, तर दुकानदाराला थोडी रक्कम देऊन ‘कोणी दिले ते सांगू नका’ एवढंच म्हणा. मुलाची वही-पुस्तकं शिक्षकांमार्फत पोचवा. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, हा गुप्ततेचा खरा उपयोग आहे. आपला गर्व कमी होतो तो वरचा फायदा.

पायरी आठ: रात्री पाच मिनिटं

संत इग्नाती लोयोलांनी सोळाव्या शतकात आत्मपरीक्षणाची एक पद्धत घालून दिली. येशूसंघीय फादर आजही ती शिकवतात. थोडक्यात ती अशी: आधी दिवसाबद्दल आभार माना. मग पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागा. मग सकाळपासून दिवस एकेक तास आठवत या. कुठं कमी पडलात तिथं क्षमा मागा. शेवटी उद्यासाठी कृपा मागा. आपल्या नेमासाठी मधल्या भागात दोनच प्रश्न घाला. आज माझ्याशी कोण ममतेनं वागलं? आज मी कोणाला ओलांडून पुढं गेलो? पहिला प्रश्न आधी विचारा. तो आधी विचारला की दुसऱ्याचं उत्तर देताना मन कोसळत नाही. ‘आज मी किती चांगली कामं केली’ हा प्रश्न मुद्दाम ठेवलेला नाही.

थकवा आला तर

येईल. साधारण दीड-दोन महिन्यांनी सुरुवातीचा उत्साह ओसरतो. माणसं तुम्हाला गृहीत धरू लागतात, एखादा सारखे पैसे मागतो. तिथं नाही म्हणायला शिका. मार्काच्या पहिल्या अध्यायात पहाटे येशू एकांती प्रार्थनेला गेला असता शिष्य त्याला शोधत आले, सगळे लोक तुझा शोध करतायत म्हणाले. तो त्या गावात परत गेला नाही, आसपासच्या दुसऱ्या गावांकडे निघाला. त्यानंही सगळ्यांच्या सगळ्या हाका पुऱ्या केल्या नाहीत. उसने पैसे देण्यापेक्षा शक्यतो वस्तू द्या, शाळेची फी थेट शाळेत भरा. मोठी अडचण असेल तर एकट्यानं उचलू नका, पाळक किंवा फादरांना सांगा. व्यसन, मारहाण, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार, अशा गोष्टी ममतेनं ऐकून घ्या, पण लगेच जाणकार माणसापर्यंत पोचवा. बायकांनी अनोळखी घरी एकटं जाऊ नये, रात्री तर मुळीच नाही.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई करू नका. ते कर्ज नाही. दुसऱ्या दिवशी तेवढंच करा जेवढं रोजचं आहे. मनात काही वाटत नसतानाही करा. भावना नसताना केलेली प्रार्थना जशी प्रार्थनाच असते, तशीच ही.

सोबती शोधा

येशूनं शिष्यांना दोघादोघांनी पाठवलं. मंडळीतलं एक माणूस निवडा, शक्यतो वयानं मोठं आणि कमी बोलणारं. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं बोला. काय काय केलं याची यादी त्यांना देऊ नका, कुठं अडलं तेवढं सांगा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा. ईस्टरआधीच्या उपासकाळाचे चाळीस दिवस सुरुवातीला सोयीचे पडतात, कारण तेव्हा सगळी मंडळीच काही ना काही नेम धरून असते. पण राखेच्या बुधवारापर्यंत, म्हणजे उपासकाळ सुरू होईपर्यंत, थांबायची गरज नाही. येत्या सोमवारी गजर पंधरा मिनिटं आधीचा लावा आणि पहिला आठवडा तेवढंच करा. सोबत्याशी बोलायची वेळ मात्र रात्री जेवणानंतरची ठरवा. सकाळी घराघरांत नळाला पाणी येण्याची गडबड असते, बोलणं अर्धवट राहतं.